एका खणाची चोळी

बेळगाव-निपाणीकडील कापडाच्या दुकानांत त्रिकोणी घडीचे खण रचून ठेवलेले असत. गिऱ्हाईक खण मागे, तेव्हा वार किंवा गज सांगण्याचे कारण पडत नसे. एक खण म्हणजे एक चोळी, हे माप देणारा व घेणारा दोघेही जाणून असत. कारण ते शिंप्याने नव्हे, तर विणकराने मागावरच ठरवून टाकलेले होते.

खणाचे मुख्य पेठेचे गाव म्हणजे आजच्या बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड. ताणा रेशमाचा व बाणा सुताचा, ही त्याची जुनी घडण. पुढे कृत्रिम रेशीमही त्यात आले. जमिनीवरील बारीक नक्षी जादा ताण्याच्या धाग्यांनी उठविलेली असते. पन्हा सुमारे 30 इंच, दोन्ही कडांना वेगळ्या रंगाचे काठ. अशा लांबच लांब पट्टीतून हातभर तुकडा कापला की झाला खण. यात चोळी बसवावयाची आणि चिंधी शक्यतो उरू द्यावयाची नाही, ही शिवणारणीची परीक्षा.

मापासाठी फीत क्वचितच लागे. जुनी, अंगाला बसलेली चोळी समोर ठेवावयाची, नाही तर दोरा, वीत आणि बोटे यांवर भागवावयाचे. बेतणीत पहिला मान बाह्यांचा, कारण काठ दंडावर यावा असा रिवाज. खणाची लांबी मधोमध दुभागली, की एकाच काठातून दोन्ही दंडांचे घेर निघतात. दंड भरलेला असेल तर तेथे जोड द्यावा लागतो. दुसरा काठ पाठीच्या खालच्या कडेला सरळ आला, तर बेतणारीचा हात चांगला समजावा. मधल्या कापडातून पाठ व पुढचे दोन भाग काढावयाचे. पुढच्या भागांची खालची टोके लांब राखतात. त्यांचीच छातीखाली गाठ मारावयाची असते. या चोळीला गुंडी नाही, आकडा नाही. अंग थोडे भरले वा सुकले, तर गाठ तेवढी सैल किंवा घट्ट होते.

खरे कसब मात्र दिसत नाही अशा जागी असते. विणलेले कापड ताणले जात नाही आणि चोळी तर अंगासरशी हवी. मग हात वर कसा व्हावा? त्यासाठी काखेत एक लहानसा तुकडा घालतात. तो कापडाच्या तिरक्या अंगाने लावला, की थोडी ओढ सोसतो. हा तुकडा चुकला तर जात्याचा खुंटा ओढताना किंवा विहिरीचा पोहरा काढताना शिवण उसवलीच म्हणून समजावे. निपाणीच्या तंबाखूच्या शेतांत व वखारींत दिवसभर हात चालविणाऱ्या स्त्रियांना अशा शिवणीचे मोल सांगावयास नको.

हाच पेच युरोपातील बॅले नर्तिकेच्या पोशाखातही सोडवावा लागतो. 1832 साली पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ या नृत्यनाट्यात मारी तालिओनी पांढऱ्या, तरल घेराच्या वेषात उतरली. पुढे तो घेर आखूड होत गेला आणि जाळीच्या अनेक थरांनी ताठ उभा राहिला. पाहणाऱ्याचे लक्ष त्या घेराकडे जाते. शिवणाऱ्याची चिंता वरच्या चोळीची. तीही न ताणल्या जाणाऱ्या कापडाची, अनेक उभे तुकडे जोडून एकाच अंगावर बेतलेली, श्वास आणि बाहू मोकळे ठेवणारी. तेथे पाठीवर आकड्यांच्या रांगा लावून माप थोडे कमीजास्त करता येते. येथे ते काम एक गाठ करते, आणि तीही फुकट!

कन्नड घरांत हिलाच कुप्पस किंवा कुबस म्हणतात. पहिलटकरणीच्या कौतुकाला मराठी घरात चोरचोळी, तर शेजारच्या कन्नड घरात कुबस. दोन्हीकडे समारंभाचे नाव वस्त्रावरूनच पडले. 1956 साली राज्यांची फेररचना होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात गेले व सीमेचा वाद उभा राहिला. बेतणी मात्र दोन्ही घरांत तीच राहिली.

पुढे ब्लाउज आला, त्यासोबत मोठ्या पन्ह्याचे कापड आले, आणि हातभर खणाची निकड संपली. आज खणाचे कापड पुन्हा आवडीचे झाले आहे. यंत्रमागावर मीटरने निघणाऱ्या त्या कापडाच्या साड्या होतात, झबली होतात, पिशव्याही होतात. नक्षी डोळ्यांना तशीच दिसते. पण पन्हा वाढला, तेव्हा काठाचा व दंडाचा हिशेब कोणाला करावाच लागत नाही. तो हिशेब बोटांवर होता, कागदावर नव्हे. म्हणून शिवणारी म्हातारी गेली की तिच्याबरोबर तोही जातो.

हातभर खण उरला आहे तो ओटीत. नारळ-तांदळांबरोबर तो एका घरातून दुसऱ्या घरी जातो, तेथून तिसऱ्या. पुष्कळदा त्याची त्रिकोणी घडीही मोडली जात नाही.