फॅनी हेन्सेलचा 'डिसेंबर'

(महिला मेळाव्यातील भाषण)



गेली तीस वर्षं मी आमच्या चर्चमध्ये दर रविवारी पियानो वाजवते. वाजवते म्हणजे साथ करते. बाहेरून वादक आला तर त्याला मानधनाचं पाकीट मिळतं. माझी मात्र 'सेवा'. यंदा नाताळात मी एकटीने एक रचना वाजवायची ठरवली आहे, फॅनी हेन्सेलची 'डिसेंबर'.

फॅनी ही संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनची थोरली बहीण. दोघं एकाच घरात, एकाच गुरूकडे शिकली. ती चौदा वर्षांची असताना, १८२० मध्ये, वडिलांनी पत्र लिहून बजावलं की संगीत हा फेलिक्सचा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी तो दागिनाच. (आपल्याकडे स्थळं बघताना 'मुलीला गाणं येतं' म्हणतात, तोच हा दागिना!) तिची सहा गाणी भावाच्या नावावर छापली गेली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यातलंच एक फेलिक्सपुढे गायलं, तेव्हा हे बहिणीचं आहे असं त्याला कबूल करावं लागलं.

१८४१ मध्ये तिने बारा महिन्यांवर बारा रचना केल्या. १८४७ मध्ये ती वारली. ही वही छापून निघाली १९८९ मध्ये, जर्मनीत स्त्रियांचंच संगीत छापणाऱ्या एका प्रकाशनाकडून.

'डिसेंबर' अवघड आहे. सुरुवातीपासून सूर नुसते धावत सुटतात, आणि शेवटाकडे ल्यूथरच्या नाताळगीताची चाल येते. सप्टेंबरपासून बसते आहे. आधी डावा हात, मग उजवा, एका दिवसात चार ओळीसुद्धा नाहीत. पंचावन्नाव्या वर्षी बोटं ऐकत नाहीत हे खरं. पण जास्त अडचण घरात झाली. गायकांसाठी तासन् तास सराव केला तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. आता स्वतःसाठी एक तास बसले, तर "हे कशासाठी?" "कुकर लावलास का?" मीसुद्धा आधी कुकर लावूनच बसायचे. शिट्ट्या मोजताना डावा हात चुकायचा. ऑक्टोबरात ते सोडलं. आता कुकर मुलगा लावतो. भात कधी कधी लागतो.

अजून पूर्ण वेग आलेला नाही. चर्चच्या मंडळींना मी दोन गोष्टी सांगितल्या आहेत: कार्यक्रमपत्रिकेत रचनाकार आणि वादक, दोघींची नावं छापा, आणि मानधन द्या. नावांना होकार आला आहे. मानधनाचा विषय पुढच्या बैठकीत आहे.