पत्र्याचे सभागृह आणि बुरशीची फळी

(विहाराच्या वर्धापनदिनी इंदिरानगर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सूतगिरणीतला कामगार. शाळा नववीपर्यंत. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीत. मी सभागृहाच्या कामावर बोलणार म्हटल्यावर काही जण हसले. विषय ऐकून आणखी हसतील. विषय आहे बुरशी.

आधी एक कबुली देतो. गेले दोन वर्षावास मी इथे पहिल्या रांगेत बसून मान डोलावतो, पण धम्मदेसना मला ऐकू येत नाही. तीस वर्षे रिंग फ्रेमच्या खात्यात काढली, कान गेले. पण सगळा दोष कानांचा नाही. वर पत्रा, बाजूला सिमेंटच्या गुळगुळीत भिंती, खाली फरशी. माइकवरचा एक शब्द भिंतीवर आपटून परत येतो तोवर दुसरा निघालेला असतो, आणि दोघांचा काला होतो. पाऊस लागला की विचारूच नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा, त्यांचेही हेच आहे. लाजेने बोलत नाहीत एवढेच.

बांधकाम समितीने पीव्हीसीचे फॉल सीलिंग सुचवले आहे. दिसायला छान दिसेल. पण प्लास्टिकची गुळगुळीत पट्टी आवाज पीत नाही, पुन्हा खालीच फेकते. पैसा आपला आहे, ओव्हरटाइमचा आणि धुण्याभांड्यांचा आहे. म्हणून बोलतो.

गिरणीतली गोष्ट सांगतो. एका पावसाळ्यात गोदामाच्या कोपऱ्यात पाणी गळत राहिले, वेस्ट कापसाच्या पोत्यांवर. महिन्याभराने पोते फाडले तर आतला कापूस सुटा होईना. पांढऱ्या तंतूंनी तो असा बांधून टाकला होता की हूक लावला तर अख्खी लादीच बाहेर आली. हलकी, पण हाताने मोडेना. जॉबर म्हणाला, फेका. मी एक तुकडा घरी नेला. बायकोने तो त्याच संध्याकाळी फेकला, ते सोडा.

पुढे वाचनात आले तेव्हा उलगडा झाला. आपण जी छत्री बघतो ते बुरशीचे फळ. खरी बुरशी म्हणजे आत पसरलेले तंतूंचे जाळे. हे तंतू भुशाच्या कणाकणात शिरतात, थोडा भुसा खातात आणि उरलेला एकमेकांना बांधतात. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर पीळ न देता काढलेले सूत.

यावर जगात काम झालेले आहे. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये एका कलासंग्रहालयाच्या अंगणात मक्याच्या ताटांचा चुरा आणि बुरशी यांच्या सुमारे १०,००० विटांचा चाळीसेक फूट उंच मनोरा उभा केला होता. उन्हाळा संपल्यावर तो उतरवला आणि विटांचे खत केले. आपल्या देशात २०१६ साली कोचीच्या बिनाले प्रदर्शनाच्या वेळी 'बीटल्स ३.३' आणि 'यासिन अरेडिया डिझाइन्स' यांनी एक मंडप केला. लाकडी सांगाड्यात काथ्याचा भुसा भरून त्यात बुरशी वाढू दिली. वरचा थर उन्हाने मेला आणि त्याचेच कवच झाले. युरोपात २०१९ पासून काही विद्यापीठांनी मिळून बुरशी जिवंतच ठेवून बांधकाम करता येईल का, याचे प्रयोग केले. त्यांचा एक सांगाडा चक्क टोपलीसारखा विणलेला होता. ते वाचून मला आपले बुरूड आठवले.

आणि जिवंत बुरशीच्या घराचे नवल आपल्याला कशाला वाटावे? वारूळ बघा. वाळवी आत बुरशीची शेती करते, हजारोंची वसाहत त्यावर जगते, म्हणून तर पावसाळ्यात वारुळावर अळिंबी उगवते.

झाडपाल्याचे बांधकाम टिकते का, असा प्रश्न येईल. वेरूळच्या लेण्यांतले मातीचे प्लास्टर पुरातत्त्व खात्याच्या आणि बाबासाहेबांच्या नावाच्या मराठवाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासले. त्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले सापडले. हा लेख २०१६ सालचा. ती बुरशी नव्हे, हे मान्य. पण शेकडो वर्षे पावसाळे काढलेल्या लेण्यांतला तो काडीकचरा आहे.

आता खरे दोष सांगतो, नाहीतर उद्या मलाच धराल. ही फळी भार घेत नाही. साधी भाजलेली वीट चौरस सेंटिमीटरला निदान ३५ किलो दाब सोसते, ही एक ते दहा किलो. तेव्हा भिंत, खांब, पायरी यांचे नाव काढू नका. सतत ओल लागली तर कुजते. वाळवी लागणारच नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पत्र्यावरचा पावसाचा ताशाही यामुळे बंद होणार नाही. पण आवाजाचे घुमणे कमी होते. इटलीतल्या 'मोगू' या कंपनीने याच कामासाठी असे फलक बाजारात आणले. आग लागली तर थर्माकोलसारखी वितळून ठिबकत नाही, वरून कोळसा धरते.

आयाबहिणींना भीती वाटेल, भिंतीवरची काळी बुरशी आपण दर दिवाळीला खरवडतो आणि हे बाबा नवी आणतात! कापसाच्या धुळीने माझी स्वतःची छाती धरलेली आहे, तेव्हा हा विचार मी आधी केला. जिवंत बुरशी उघड्यावरच्या मंडपाला ठीक. बंद सभागृहात लहान मुले आणि दमेकरी बसतात, तिथे ती मारूनच लावायची. छत्री येण्याआधी फळी साच्यातून काढायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि मग ७०-८० अंशांवर काही तास भट्टीत ठेवायची. यात हयगय नको.

माल आपल्या भोवती पडलेला आहे. घोटीच्या भात गिरण्यांचे तूस, द्राक्षबागांच्या छाटणीच्या काड्या, सुतारांचा भुसा, आणि कापसाचे वेस्ट. ते उकळायचे, निथळून गार करायचे, धिंगरी अळिंबीचे बियाणे मिसळायचे आणि साच्यात दाबून झाकून ठेवायचे. आठ-दहा दिवसांत पांढरे होते. बियाणे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पात मिळते. हात मात्र साबणाने धुवावे लागतात, नाहीतर हिरवी बुरशी शिरते आणि सगळा घाणा वाया जातो.

इथून जवळच त्रिरश्मी लेणी आहे. तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले आणि त्या व्याजातून भिक्खूंच्या चीवराची सोय केली. म्हणजे विहाराचा खर्च सूतवाल्यांच्या हातून जाण्याची रीत इथे जुनीच आहे.

माझे मागणे मोठे नाही. फॉल सीलिंगचा अॅडव्हान्स तीन महिने थांबवा. तेवढ्यात दीड फुटाच्या चोवीस फळ्या करून मागच्या भिंतीला टांगू. मग मी शेवटच्या रांगेत बसेन आणि भन्तेंनी माइकशिवाय बोलावे. नाही ऐकू आले तर मीच उठून सांगेन, आणि समितीने खुशाल पीव्हीसी लावावे. पिंप माझ्याकडे आहे, साचे प्लायचे करू. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता ज्यांना जमेल त्यांनी जुन्या चादरी आणि एकेक पोते भुसा घेऊन यावे.

जय भीम.