बॉक्स उतरवण्याआधी



वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय असतं, इतिहास असतो, अर्थकारण असतं. त्या रांगेत गिअरबॉक्सला बसवल्याबद्दल संयोजकांचे आभार. नाशिककडच्या माणसाला खरं तर हा विषय परका नाही. भाजीपाला पिकअपमध्ये भरायचा, रात्री कसारा घाट उतरायचा आणि पहाटे वाशी गाठायची, यावर इथली कितीतरी घरं चालतात. अशा गाडीचा गिअर अडायला लागला की मालकाच्या पोटात गोळा येतो. गॅरेजवाला दांडी एकदा हलवून बघतो आणि सांगतो, ''बॉक्स उतरवावा लागेल.''

माझं म्हणणं असं की, बॉक्स उतरवणं ही शेवटची पायरी आहे. आपल्याकडे ती पहिली होऊन बसली आहे.

आधी आत काय चालतं ते बघू. समजा, गाडी तिसऱ्यात आहे आणि इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेतंय. त्याच वेगाला दुसरा गिअर टाकायचा तर इंजिनाकडून येणारा शाफ्ट साधारण 3000 फेऱ्यांवर न्यावा लागतो. वेग जुळल्याशिवाय दात दातात जात नाहीत, कर्रकन वाजतात. पूर्वीचे ट्रक ड्रायव्हर हे काम पायाने करायचे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. त्याला डबल क्लच म्हणत. 1928 मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरची सिंक्रोमेश रचना आली आणि पायाचं हे काम एका रिंगेवर गेलं. ही रिंग बहुधा पितळी असते. गिअरच्या निमुळत्या कोनावर ती घासते, त्या घर्षणाने शाफ्टचा वेग जुळवते आणि जुळेपर्यंत दांडीला पुढे जाऊ देत नाही. क्षणभराचंच काम.

पण या रिंगेची ताकद किती? फक्त शाफ्ट आणि त्यावरची क्लच प्लेट यांचा वेग बदलण्यापुरती. क्लच अर्धवट कटत असेल, म्हणजे दाबूनही इंजिन शाफ्टपासून पूर्ण सुटत नसेल, तर त्या बिचारीला अख्खं इंजिन ओढावं लागतं. ते तिला झेपत नाही. गिअर वाजतो, शिव्या रिंगेला बसतात आणि गुन्हेगार क्लच नामानिराळा राहतो. नवीन रिंग टाकली तरी काही महिन्यांत पुन्हा तेच, कारण दुखणं बॉक्समध्ये नव्हतंच.

म्हणून पहिली तपासणी सीटवर बसून करायची, पाना न उचलता. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. एखादा अडला तर क्लच सोडून पुन्हा दाबा आणि परत टाका. दातासमोर दात आला तर चांगल्या गाडीतही असं होतं. आता इंजिन चालू करून तेच करा. बंद असताना लोण्यासारखे पडणारे गिअर इंजिन चालू झाल्यावर अडत असतील, तर बॉक्सकडे बघूही नका. क्लच कटत नाहीये. खात्रीसाठी आणखी एक: न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा, पाचपर्यंत आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. एवढं थांबूनही तो वाजला, तर शाफ्ट अजून फिरतोय.

क्लच का कटत नाही? माझ्या अनुभवात कधी कधी पेडलखाली घातलेलं जाड मॅट किंवा दुमडलेलं पोतं एवढंच कारण निघतं. हसू नका, पेडल तळाला टेकत नसेल तर दुसरं काय होणार? त्यानंतर हायड्रॉलिक. क्लच दोनतीनदा मारला की गिअर सहज पडतो, असं असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. खालच्या सिलिंडरचं रबरी बूट बोटाने मागे सारून बघा. आत ओलं असेल तर गळती सापडली. क्लचच्या लाइनमधलं हे ऑइल हवेतली ओल शोषतं, तरी ते बदलायचं कोणाच्या ध्यानात नसतं. घाटात हाफ क्लचवर भरलेली गाडी धरून ठेवणाऱ्यांची प्लेट तापून वाकते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. क्वचित पायलट बेअरिंग जाम होतं. शेवटच्या तिन्हींसाठी बॉक्स खाली घ्यावा लागतो हे खरं, पण तो खोलावा लागत नाही. मजुरीत त्याने मोठा फरक पडतो.

इंजिन बंद असतानाही सगळेच गिअर जड असतील, तर दांडीचे बुश आणि जोडण्या बघा. फक्त सकाळी थंड असताना जड, नंतर ठीक, असं असेल तर ऑइलवर संशय घ्या. डिफरन्शिअलसाठी आणलेल्या जीएल-5 दर्जाच्या डब्यातलंच ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतायची आपल्याकडे सवय आहे. जिथे जीएल-4 सांगितलंय तिथे हे ऑइल रिंगेला नीट पकडू देत नाही, आणि त्यातली काही रसायनं पितळेला मानवत नाहीत. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला.

एकच गिअर वाजतो, बाकीचे ठीक, अशी तक्रार असेल तेव्हा मात्र बोट बॉक्सकडे जातं. तरी आधी ऑइल काढून बघा. वरचा भरायचा बोल्ट सुटतो याची खात्री करूनच खालचा खोला, नाहीतर ऑइल सांडलेलं आणि भरता येत नाही अशी पंचाईत होते. खालच्या बोल्टला चुंबक असेल, तर त्यावर राखाडी लोण्यासारखा थर दिसेल. तो झिजेचा, नेहमीचा. टोचणारे तुकडे मिळाले तर दात तुटलाय. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ऑइल पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात धरा. सोनेरी चकाकी भरपूर दिसली की रिंगा झिजल्या. आणि चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटत असेल, तर वेळ काढू नका. उतारावर गाडी न्यूट्रल होणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर येणं.

ड्रायव्हर मंडळींना दोनच विनंत्या. गिअरच्या दांडीवर हात टेकवून गाडी चालवू नका, आत गिअर सरकवणारा फोर्क फिरत्या भागावर घासत राहतो. पायही क्लचवर टेकवून ठेवू नका, रिलीज बेअरिंग जातं.

मालकांनी गॅरेजमध्ये 'गिअर खराब आहे' एवढंच सांगून निघू नये. कोणता गिअर, थंड की गरम, इंजिन बंद असताना काय होतं, हे चिठ्ठीवर लिहून द्या. बॉक्स खोललाच, तर जुनी रिंग तिच्या गिअरच्या कोनावर दाबून दाखवायला सांगा. रिंग आणि गिअर यांच्यामध्ये पुस्तकात दिलेली फट शिल्लक नसेल तर रिंग खरोखर गेली होती. ती फट पुरेशी असेल, तर पैसे देण्याआधी क्लचचं काय ते विचारा.