कागदी लिंबू

हिवाळा लागला की सुरतेला तापीच्या काठी पोंकाची दुकाने मांडली जातात. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. पण सुरतकर त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव घालतो. कोवळ्या दाण्याची गोडी त्या आंबट-तिखट शेवेमुळे अधिकच जाणवते. खानदेशातून तेथे जाऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही हिवाळ्यात या शेवेची वाट पाहतात.

स्वयंपाकातले हे लिंबू म्हणजे कागदी लिंबू. साल कागदासारखी पातळ, म्हणून हे नाव. फळ लहान व वाटोळे, रस भरपूर, बिया मात्र पुष्कळ. या बियांचा एक गुण असा की, एकाच बीतून अनेक रोपे उगवतात व त्यांतील बहुतेक हुबेहूब आईच्या वळणावर जातात. म्हणूनच आपल्याकडे कलमापेक्षा बियांच्या रोपांवरच लागवड वाढली.

त्याचे कूळ २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने निश्चित केले. त्याची आई फिलिपिन्सकडील एक रानटी जात, तर पिता आपल्या वैद्यकातले महाळुंग. युरोपातील जाड सालीचे पिवळे लेमन हेही महाळुंगाचेच अपत्य, पण त्याची आई आंबट नारिंग. म्हणजे ही दोन सावत्र भावंडे होत.

सुरतेच्या बंदरात उतरलेल्या युरोपीयांना या आंबट फळांची गोडी लवकर लागली. १६३८ मध्ये येथे आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने इंग्रजांच्या वखारीतील एका पेयाची नोंद केली आहे: मद्य, गुलाबपाणी, लिंबाच्या जातीच्या फळाचा रस आणि साखर. ‘पंच’ या इंग्रजी पेयाचे नाव आपल्या ‘पाच’ या शब्दावरून आले, असे बहुतेक कोशकार मानतात. १६८९ मध्ये आलेला पाद्री ओव्हिंग्टन सांगतो की, चोखंदळ लोक चहाबरोबर मुरवलेली लहान लिंबे घेत.

युरोपीयांना या दोन भावंडांतला भेद मात्र उमगला नाही, आणि त्याची किंमत खलाशांनी दिली. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नाविक वैद्याने संत्री व लेमन देऊन रक्तपितीचे रोगी बरे केले. पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, ब्रिटिश आरमाराने लेमनऐवजी वेस्ट इंडीजमधील लिंबांचा रस घेण्यास प्रारंभ केला. आंबटपणा तोच, मग गुणही तोच, अशी समजूत! १८७५ च्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत हा रस जवळ असूनही माणसे रक्तपितीने आजारी पडली. लिंबाच्या ताज्या रसाचे रोगनिवारक सामर्थ्य लेमनच्या जेमतेम चौथाई भरते, हे १९१८ च्या सुमारास लंडनच्या लिस्टर संस्थेतील प्रयोगांनी दाखवले. बाटलीत दीर्घकाळ साठविलेल्या रसात तेवढेही उरत नसे.

नावाचा असाच घोटाळा सुरतेच्या बाजारातही आहे. तेथे ‘लिंबूनां फूल’ मागितले तर फूल मिळत नाही. मिळतात सायट्रिक आम्लाचे पांढरे खडे. शेवेत व फरसाणात ते सर्रास पडतात, कारण स्वस्त असतात आणि टिकतातही. आंबटपणा त्यांनी येतो. सालीतील तेलाचा वास येत नाही. म्हणून जाणती गृहिणी भांडे चुलीवरून उतरल्यावरच लिंबू पिळते. उकळीत रस कडवटतो आणि वास वाफेबरोबर निघून जातो. भांडे पितळेचे असेल, तर कल्हई आहे की नाही हेही ती आधी पाहून घेते.