जाहिरातीतलं गाणं आणि प्रिटी येंडेचा पहिला अल्बम

आजचा एपिसोड ऑपेराबद्दल आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. ऑपेरा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे किंचाळणारी बाई आणि फुटणारे काचेचे ग्लास येतात. कार्टूननं आपल्याला तेवढंच शिकवलंय. आज मी एका अल्बमबद्दल बोलणार आहे, त्यातले तीन तुकडे ऐका आणि मग ठरवा.

अल्बमचं नाव 'अ जर्नी'. साल २०१६, कंपनी सोनी क्लासिकल. गायिका प्रिटी येंडे. हा तिचा पहिलाच अल्बम. ती सोप्रानो आहे, म्हणजे बायकांच्या आवाजातल्या सगळ्यात वरच्या पट्टीत गाणारी. सोबत इटलीच्या राय या सरकारी प्रसारण संस्थेचा ऑर्केस्ट्रा, आणि संचालन मार्को आर्मिलियातो यांचं.

प्रिटीचा जन्म १९८५चा, दक्षिण आफ्रिकेतल्या पीट रेटीफ या छोट्या गावाजवळच्या वस्तीतला. तेव्हा तिथे वर्णभेदाची राजवट होती. काळ्या माणसांनी कुठे राहायचं, कुठल्या शाळेत शिकायचं, हे सगळं कायद्यानं ठरलेलं. ती घरात आणि चर्चमध्ये गायची, पण शिकून व्हायचं होतं अकाउंटंट. सोळाव्या वर्षी टीव्हीवर ब्रिटिश एअरवेजची जाहिरात लागली. तिच्यामागे काही सेकंद दोन बायकांचे आवाज एकमेकांत गुंफलेले ऐकू आले. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेतल्या शिक्षकांना विचारलं, हे काय असतं? ते म्हणाले, याला ऑपेरा म्हणतात. माणसांना असं खरंच गाता येतं, हे कळल्यावर ती म्हणाली, मग मला शिकवा.

आता गंमत ऐका. जाहिरातीतलं ते गाणं म्हणजे 'लाक्मे' या फ्रेंच ऑपेरातलं फुलांचं द्वंद्वगीत. लिओ दलीब या संगीतकाराचा हा ऑपेरा १८८३ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा झाला. आणि कथा घडते कुठे? आपल्याकडे, इंग्रजांच्या काळातल्या भारतात! लाक्मे म्हणजे आपली लक्ष्मी, नीलकंठ नावाच्या ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी. तिची दासी मल्लिका. मल्लिका म्हणजे मोगऱ्याच्या जातीचं फूल, हे पॅरिसच्या प्रेक्षकाला सांगावं लागलं असेल, आपल्याला नाही. दोघी नदीकाठी फुलं वेचायला निघतात आणि गातात. पुढे लाक्मे एका इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते, आणि शेवटी धोतऱ्याचं पान खाऊन मरते. हो, आपण शंकराला वाहतो तोच धोतरा.

हा भारत खरा आहे का? नाही. तो पॅरिसच्या थिएटरात बसून रंगवलेला भारत आहे, गूढ, सुगंधी, पडद्यावरच्या चित्रासारखा. त्यावर टीका होते आणि ती व्हायलाच हवी. पण त्या स्वरांचा प्रवास बघा. फ्रेंच माणसाच्या कल्पनेतल्या भारताचं गाणं, इंग्रज विमान कंपनीच्या जाहिरातीतून, एका झुलू मुलीच्या घरात पोचलं. यातल्या कुणीही ते तिच्यासाठी बनवलं नव्हतं. तिनं ते उचललं आणि आपलं केलं. अल्बममध्ये हे द्वंद्वगीत आहेच. तोच तुमचा पहिला तुकडा. ऐकताना वरचा आवाज कुठला आणि खालचा कुठला, हे आधी ओळखायचा प्रयत्न करा. वरचा प्रिटीचा.

दुसरा तुकडा रॉसिनीचा, 'सेव्हिलचा न्हावी' या १८१६च्या विनोदी ऑपेरातला. रोझिना नावाची मुलगी म्हणते, मी तशी गरीब, पण कुणी वाटेत आलं तर बघा! मूळ गाणं थोड्या खालच्या आवाजासाठी लिहिलेलं आहे. सोप्रानो ते सहसा अर्धा स्वर वर नेऊन गातात. इथे झरझर धावणाऱ्या जागा ऐका. आपल्याला पटकन ताना आठवतात. फरक असा की या जागा बहुतेक वेळा आधी बसवलेल्या असतात, ऐन वेळी सुचलेल्या नसतात. पण ओळ परत आली की ती वेगळी सजवायची, ही रीत तिकडेही आहे.

तिसरा तुकडा 'कोंत ओरी'मधला, तोही रॉसिनीचाच. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात प्रिटीला याच भूमिकेत ऐन वेळी उभं केलं गेलं. तयारीला जेमतेम आठवडा. साडेतीन हजारांहून जास्त खुर्च्यांचं सभागृह, आणि ऑपेरात गायकापुढे माइक नसतो. आख्ख्या ऑर्केस्ट्राच्या वरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा. रंगमंचावर येतानाच ती अडखळून पडली. उठली, आणि गायली. त्या रात्रीनंतर तिचं नाव जगभर झालं.

आता मला खरं काय म्हणायचंय ते सांगतो. २००९ मध्ये व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर स्पर्धेत तिनं सगळ्या विभागांतली पहिली बक्षिसं जिंकली. २०११ मध्ये ऑपेरालिया जिंकली. आणि पहिला अल्बम कधी? २०१६ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी. आपल्याकडे एकोणिसाव्या वर्षी रील व्हायरल झाली नाही तर मुलं म्हणतात, आपलं वय गेलं. ऑपेरात ३१ म्हणजे तरुण. कारण घसा, श्वास, पोटाचे स्नायू हे पिकायला वर्षं लागतात, आणि घाईनं जड भूमिका घेतल्या तर आवाज कायमचा बिघडू शकतो. या अल्बममध्ये रॉसिनी, बेल्लिनी, दोनिझेत्ती जास्त आहेत. वाग्नरच्या अवजड भूमिका नाहीत. आपला आवाज आज काय पेलू शकतो, ते ओळखून केलेली ही निवड आहे. नाही कधी म्हणायचं हे कळणं हीसुद्धा तालीमच.

पुढे मे २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकात, वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, ती एकटी उभी राहून गायली. वर्णभेदाच्या देशात जन्मलेली मुलगी, साम्राज्याच्या जुन्या राजधानीत. यावर काही लोक खूश झाले, काहींना ते खटकलं. मला दोन्ही समजतं.

एक विनंती. हे फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. तिथे वरचे स्वर नुसते टोचतात आणि खालचा ऑर्केस्ट्रा गायबच होतो. हेडफोन लावा, आवाज मध्यम ठेवा, कारण हळू सुरू झालेली ओळ अचानक भरून येते. अर्थ कळला नाही तरी चालेल. गोष्ट मी सांगितलीच आहे.

आणि "हे आपलं नाही" असं मनात आलं, तर मल्लिका हे नाव एकदा मोठ्यानं म्हणून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा.