आफ्रिकेच्या रानांत प्रकृतीची काळजी



त्सावोच्या सिंहांची गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. १८९६ सालीं पूर्व आफ्रिकेंतील मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे बांधण्यास प्रारंभ झाला आणि त्या कामासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ३२,००० मजूर नेण्यांत आले. १८९८ सालीं त्सावो नदीवरील पुलाचें काम चालू असतां दोन सिंहांनीं कित्येक महिने त्यांच्या छावण्यांवर हल्ले केले. तेथील अधिकारी पॅटरसन यांच्या हिशेबाप्रमाणें २८ हिंदी मजूर त्या सिंहांच्या तोंडीं पडले. या गोष्टीवर पुस्तकें झालीं, चित्रपटही निघाले. पण त्याच रेल्वेच्या कामावर सुमारें अडीच हजार हिंदी मजूर मृत्यु पावले, आणि त्यांना नेलें तें मुख्यतः रोगांनीं व अपघातांनीं. त्यांची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाहीं.

आज त्याच मुलखांत आपण हौसेनें जातों. मुंबई-पुण्याकडील कुटुंबें केनियांतील मासाई मारा आणि टांझानियांतील सेरेंगेटी पाहण्यासाठीं मुलाबाळांसह, क्वचित् आजी-आजोबांसह निघतात. स्वाहिली भाषेंत प्रवासाला ‘सफारी’ म्हणतात. आपला ‘सफर’ हा शब्द त्याचाच भाऊ, कारण दोघांचें मूळ अरबींत आहे. औषधाला तेथेंही ‘दवा’च म्हणतात, आणि ‘हतारी’ म्हणजे आपला ‘खतरा’. प्रवासाच्या तयारींत घरामध्यें चर्चा होते ती दुर्बिणीची, क्यामेऱ्याची आणि सिंहाची. त्सावोचा हिशेब मात्र आपल्याला निराळें कांहीं सांगतो. दिसणाऱ्या जनावरापेक्षां न दिसणाऱ्या रोगाची धास्ती अधिक बाळगावी. ही काळजी तीन वेळां घ्यावयाची असते: निघण्यापूर्वीं, तेथें असतांना, आणि परत आल्यावर. यांतील तिसरी वेळ बहुधा विसरली जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

प्रथम निघण्यापूर्वींची तयारी. निदान सहा आठवडे आधीं डॉक्टरांची गांठ घ्यावी. केनियाला जाणाऱ्यानें पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रांत टोंचून घेऊन तिचा दाखला जवळ बाळगावा. लस टोंचल्यापासून १० दिवसांनीं हा दाखला लागू होतो, आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. दाखल्यावांचून पीतज्वराच्या देशांतून परत येणाऱ्याला भारतांत सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतां येतें. ही सक्ति कोणास जाचक वाटेल. पण तिचें कारण आपल्याच घरांत आहे. पीतज्वर भारतांत नाहीं. परंतु तो पसरविणारा पट्टेदार डांस, जो डेंग्यूचाही वाहक आहे, आपल्या पाण्याच्या पिंपांत आणि फुलझाडांच्या कुंड्यांत सुखानें नांदत असतो. एक रोगी आला तर त्या डांसाला निमित्त मिळेल. नऊ महिन्यांच्या आंतील मूल, गर्भवती स्त्री, साठी उलटलेली व्यक्ति आणि ज्यांना अंडें सोसत नाहीं अशीं माणसें, यांच्याविषयीं मात्र डॉक्टरांनीं विचार करूनच निर्णय द्यावयाचा असतो.

दुसरी गोष्ट हिवतापाची. “आम्हांला हिवताप कांहीं नवा नाहीं,” असें आपल्याकडील माणूस सहज बोलून जातो. या बोलण्यांत मोठा घात आहे. वारंवार हिवताप होणाऱ्या मुलखांत राहून जी थोडीबहुत प्रतिकारशक्ति येते, ती शहरांत राहणाऱ्या आपल्यापाशीं नसते, आणि असली तरी ती टिकाऊ नसते. शिवाय आफ्रिकेंतील हिवताप बहुतांशीं फाल्सिपेरम या जंतूचा असतो. हिवतापाच्या जातींत ही सर्वांत घातक. म्हणून प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्याव्या. मुलांचें प्रमाण त्यांच्या वजनावर ठरतें. कांहीं गोळ्या निघण्यापूर्वीं एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यावयाच्या असतात, तर कांहीं परतल्यावर चार आठवडे. गर्भवती स्त्रीनें हा प्रवास पुढें ढकलणें हेंच शहाणपणाचें.

आतां तेथील दिनचर्या पाहूं. हिवतापाचा डांस मुख्यतः संध्याकाळपासून पहांटेपर्यंत चावतो. म्हणून दिवस मावळतांच पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे, उघड्या अंगास डांस पळविणारें मलम लावावें आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखालीं नीट खोंचाव्या. दिवसां त्रास देते ती त्सेत्से माशी. निद्रारोग पसरविणारी ती हीच. पातळ कपड्यांतूनही ती चावते, आणि निळा व काळा रंग तिला विशेष आकर्षितो. तिला पकडण्याचे सांपळे याच रंगांच्या कापडाचे करतात. तेव्हां खाकी किंवा मातकट रंगाचें जाड कापड बरें. चाव्याच्या जागीं पुढें गळवासारखी सूज आली व ताप भरला, तर तें डॉक्टरांस दाखवावें.

पाणी उकळलेलें किंवा बंद बाटलींतील प्यावें, आणि दांत घांसण्यासही तेंच वापरावें. व्हिक्टोरिया सरोवराचें पाणी शांत दिसलें तरी त्यांत उतरूं नये; गोगलगाईंतून बाहेर पडणारे सूक्ष्म कृमि तेथें माणसाच्या कातडींतून शरीरांत शिरतात.

जनावरांविषयीं नियम थोडेच आहेत, पण त्यांना अपवाद नाहीं. सिंहाला मोटार आणि आंतील माणसें मिळून एकच वस्तु भासत असावी. माणूस खालीं उतरला कीं तो हिशेब मोडतो. म्हणून उतरूं नये, टपावर चढूं नये, ओरडूं नये. पाणघोडा रात्रीं चरावयास बाहेर पडतो. त्याच्या व पाण्याच्या मधें सांपडलेला माणूस क्वचित् सुटतो. कित्येक छावण्यांना कुंपण नसतें. अंधार पडल्यावर तंबूबाहेर जावयाचें तर पहारेकऱ्याला, तेथील भाषेंत ‘अस्करी’ला, बरोबर घ्यावें. तंबूंत खाद्यपदार्थ ठेवूं नयेत, आणि वानरांस हातानें भरवूं नये. त्यांनीं चावा किंवा ओरखडा काढल्यास जखम साबण-पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून अलर्काच्या लशीसाठीं तात्काळ डॉक्टरांकडे जावें. मोटारींतील पट्टा मात्र पहिल्या मिनिटापासून बांधावा, कारण खांचखळग्यांच्या रस्त्यावरील अपघाताला सिंहाची गरज नसते.

मासाई मारापासून नैरोबीचीं मोठीं रुग्णालयें मोटारीनें पांच-सहा तासांवर आहेत. १९५७ सालीं पूर्व आफ्रिकेंत ‘फ्लाइंग डॉक्टर्स’ ही विमानांतून वैद्यकीय मदत नेणारी संस्था निघाली ती याच अडचणीमुळें. विमा उतरवितांना रोग्यास विमानानें हलविण्याचा खर्च त्यांत आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. रोजचीं औषधें, विशेषतः इन्शुलिन, हातांतल्या पिशवींत असावें आणि तें उन्हांत तापणाऱ्या मोटारींत सोडूं नये.

आणि आतां ती विसरली जाणारी तिसरी वेळ. मासाई मारामध्यें हरणांसारख्या न्यू जनावरांचे कळप नदी ओलांडतात, तें दृश्य साधारणपणें जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान दिसतें. पुष्कळ प्रवासी तेव्हांच जातात आणि ऐन पावसाळ्यांत घरीं परततात. त्या दिवसांत आपल्याकडे घरोघर सर्दी-पडसें, ताप चालूच असतो. आठ-दहा दिवसांनीं अंग तापलें कीं घरांतील वडील माणसें म्हणतात, “हवा बदलली, प्रवासाचा शीण असेल,” आणि काढा देऊन निजवितात. गोळ्याही तोंवर ‘आतां कशाला’ म्हणून बंद झालेल्या असतात. वास्तविक जंतु आधीं यकृतांत वाढतात आणि मग रक्तांत उतरतात. त्यांना गांठण्यासाठींच त्या गोळ्या परतल्यावरही घ्यावयाच्या असतात. फाल्सिपेरमचा ताप उपचाराविना २४ तासांतही गंभीर रूप धारण करूं शकतो. वेळेवर ओळखला तर तो बरा होतो.

तेव्हां आफ्रिकेंतून परतल्यावर तीन महिन्यांत कोणताही ताप आला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. गोळ्या नियमानें घेतल्या असल्या तरी जावें, कारण कोणतीही गोळी पूर्ण हमी देत नाहीं. तेथें पहिलें वाक्य “मला ताप आहे” हें नसावें. “मी अमुक तारखेला आफ्रिकेंतून आलों” हें असावें. हिवतापासाठीं रक्त तपासून घ्यावें, आणि पहिल्या तपासणींत कांहीं आढळलें नाहीं तरी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें पुन्हां तपासावें.

एक साधी युक्ति सुचवितों. घरीं परतल्याची तारीख, गेलेल्या ठिकाणांचीं नांवें आणि घेतलेल्या गोळीचें नांव एका कागदावर लिहून तो दिनदर्शिकेशेजारीं लावावा, आणि तीन महिने तेथेंच राहूं द्यावा. तापांत निजलेल्या माणसाला हें सर्व आठवेलच असें नाहीं. परंतु घरांतील कोणीही तो कागद उचलून डॉक्टरांच्या हातीं देऊं शकेल.