वीस दिवसांची सवलत

गोष्ट अमेरिकेतल्या पेट्रोलची आहे. तिथे हिवाळ्याचं पेट्रोल वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं. हिवाळ्यातल्या पेट्रोलमध्ये ब्युटेन जास्त, म्हणून थंडीत गाडी चटकन सुरू होते. उन्हाळ्यात मात्र ते भराभर उडून जातं, आणि त्या वाफांमुळे उन्हात जमिनीलगत ओझोन वाढतो. दमेकऱ्यांचे हाल होतात. म्हणून तिथल्या डेपोंमध्ये १ मेपासून कमी उडणारंच पेट्रोल लागतं.

२०२० मध्ये कोरोनामुळे गाड्या घरी बसल्या. टाक्या हिवाळी पेट्रोलने भरलेल्याच, नवं ठेवायचं कुठे? सरकारच्या पर्यावरण संस्थेने नियम शिथिल केला, १ ते २० मे. कायद्याने अशी सवलत एका वेळी वीस दिवसांचीच. पुढे हवी तर पुन्हा नव्याने ठरवा.

मला ते वीस दिवस आवडले. एकदा सर्व्हर कोसळला तेव्हा मी कोडमधली एक तपासणी बंद केली आणि शेजारी लिहिलं, ‘तात्पुरतं’. त्या रात्री दुसरा इलाजच नव्हता. दोन वर्षांनी पाहतो तर ती ओळ तशीच, आणि चुकीच्या नोंदी शिरलेल्या. त्या निस्तरायला महिना गेला. आता मी शेजारी तारीख घालतो. त्या दिवशी तपासणी आपोआप सुरू होते, मी विसरलो तरी.